ॲक्वापोनिक्ससाठी टाकी कशाची: निळं पिंप, जुना आयबीसी की पत्र्याचा हौद?

पाणवेल:

नमस्कार मंडळी,

घरी ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी पिकवायचं, पक्कं केलंय. खाली मासे, वर खडीचे वाफे, पंपाने पाणी वर चढवायचं आणि सायफनने परत टाकीत सोडायचं, असा साधाच प्रकार. सुरुवात गोल्डफिशने, जमलं तर पुढे तिलापिया. टाकीत साधारण पाचशे लिटर पाणी आणि तेवढ्याच आकारमानाचे वाफे, असा हिशोब मांडलाय. जीवाणू, अमोनिया, नायट्रेट हा सगळा भाग वाचून झालाय. घोडं अडलंय ते भांड्यापाशी.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत आणि तिन्ही वापरलेलेच. पहिला, दोनशे लिटरची निळी पिंपं, वरून बंद, फक्त दोन बुचं असलेली. काहींवर ग्लिसरीनचं लेबल शाबूत आहे, एकावरचं कुणीतरी खरवडून काढलंय. सगळ्यांच्या तळाशी त्रिकोणात २ आहे. दुसरा, पिंजऱ्यातला पांढुरका आयबीसी, म्हणजे द्रव माल वाहायची चौकोनी प्लास्टिकची टाकी, हजार लिटरची. आतून चकचकीत आहे, पण झाकण उघडलं की मंद, गोडसर सुगंध येतो. वास चांगला आहे म्हणून मला तोच आवडला होता, पण घरच्यांनी नाक मुरडलं. तिसरा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा गोल हौद. दणकट आहे, थेंबभर गळत नाही, आणि दिसतोही छान.

ज्याला विचारावं तो ‘फूड ग्रेड घ्या’ म्हणतो आणि मोकळा होतो. ते ओळखायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. जे उगवेल ते घरातले सगळे खाणार आहेत, त्यामुळे ‘चालतं हो’ या उत्तरावर मला थांबायचं नाही. पाण्यात काय उतरतं, का उतरतं आणि माशांना कशाचा त्रास होतो, हे कुणी नीट सांगेल का? पाइप, सीलंट, रोपांचे तरंगते तराफे यांच्याबद्दलही लिहिलंत तर फार बरं होईल. नळाच्या पाण्याचा पीएच ७.६ येतो.

दाणेवाला:

पाणवेलताई, माझी नोकरीची सगळी वर्षं प्लास्टिकच्या साच्यांपाशी गेली. आधी ब्लो मोल्डिंग, नंतर रोटो मोल्डिंग. तुमचं पिंप आणि तुमचा आयबीसी दोन्ही ब्लो मोल्डिंगमधून निघालेले, तेव्हा त्यांच्यावर बोलतो. पत्र्याचं दुसरं कुणी सांगेल.

आधी त्रिकोणातला आकडा. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तो आणला, आणि तो कचरा निवडणाऱ्यांसाठी होता: कुठली वस्तू कुठल्या ढिगात टाकायची ते कळावं म्हणून. २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई (दोन्ही पॉलिथिलीनचेच प्रकार), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. यापलीकडे तो काही बोलत नाही. दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) नवा होता की भंगारातून फिरून आलेला, रंग कुठला घातला, आत आधी काय भरलं होतं, याचा त्या आकड्याला पत्ता नसतो. २, ४ आणि ५ ही प्लास्टिकं मुळात बिनत्रासाची आहेत, कारण त्यांना मऊ करायला प्लास्टिसायझर लागत नाही आणि बीपीए (बिस्फेनॉल-ए) या रसायनापासून ती बनत नाहीत. ॲक्वापोनिक्सवाले तीच निवडतात ते योग्यच आहे. फक्त आकडा सापडला की तपास संपला असं समजू नका.

फूड ग्रेड म्हणजे दाणा आणि त्यात मिसळलेला रंग, स्टॅबिलायझर वगैरे सगळंच अन्नाच्या संपर्कासाठी मान्य असलेलं. हे नुसतं बघून कळत नाही. पेला आणि काटा असं चिन्ह उठवलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बनवणाऱ्याचं माहितीपत्रक मागायचं, आणि तेही मिळत नसेल तर त्या भांड्यात पूर्वी काय होतं यावरून ठरवायचं. स्वस्तातले काळे टब मात्र टाळा. भंगाराचा दाणा दहा रंगांचा असतो, त्याला एकच रंग झाकू शकतो तो म्हणजे काळा. तुमच्या टबात आधीच्या जन्मी ऑइलचा कॅन होता की कीटकनाशकाची बाटली, ते मोल्डिंगवाल्यालाही माहीत नसतं. (काळा रंग स्वतः निर्दोष आहे. पाण्याच्या एचडीपीई पाइपात दोन ते अडीच टक्के कार्बन ब्लॅक मुद्दाम घालतात, उन्हापासून पॉलिथिलीनला वाचवायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.)

आता तुमच्या सुगंधी आयबीसीचं. तो घेऊ नका.

कारण सांगतो. पॉलिथिलीन पाण्याला आत घेत नाही, पाण्यात विरघळलेल्या क्षारांनाही घेत नाही. पण तेलकट, सुगंधी, सॉल्व्हंटच्या जातीचं जे काही असेल ते भिंतीत मुरवून घेतं. धुतल्यावर स्वच्छ होतो तो पृष्ठभाग. आत मुरलेलं महिनोन्‌महिने थोडंथोडं बाहेर येत राहतं, आणि ऊन तापलं की जास्त येतं. रिकाम्या, धुतलेल्या भांड्याला वास येतोय याचा अर्थ हेच चाललंय. गोडसर सुगंध म्हणजे बहुधा लिक्विड साबण, फॅब्रिक सॉफ्टनर किंवा अत्तराचा कच्चा माल. साबणाच्या जातीची रसायनं माशांच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर खराब करतात, आणि सॉफ्टनरमधली काही तर जंतुनाशकांच्या नात्यातली असतात. म्हणजे मासेही गेले आणि ज्या जीवाणूंवर सगळा डोलारा उभा आहे तेही अडचणीत. घरच्यांचं नाक बरोबर आहे.

ग्लिसरीन उलट स्वभावाचं. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, पॉलिथिलीनमध्ये मुरत नाही, कोमट पाण्याने दोन-चार वेळा खळखळून धुतलं की जातं. ग्लुकोज सिरप, व्हिनेगर, फळांचा रस यांची पिंपंही तशीच. मिठाचं पाणी तर उत्तमच. लेबल खरवडलेलं पिंप फुकट मिळालं तरी मी घेणार नाही. ज्याने खरवडलं त्याला काहीतरी दिसू द्यायचं नव्हतं, एवढं गृहीत धरायचं.

पिंपाच्या अंगावर ‘१एच१’ किंवा आयबीसीच्या पाटीवर ‘३१एचए१’ असा काहीतरी उठवलेला कोड दिसेल, त्याच्या आधी संयुक्त राष्ट्रांची खूण. ते पाहून काही जण घाबरतात. तो कोड एवढंच सांगतो की हे भांडं धोकादायक माल वाहण्याच्या चाचणीत पास झालंय. त्यातून रसही आलेला असू शकतो. घाबरायचं ते तिरक्या उभ्या केलेल्या चौकोनी लेबलाला, ज्यात ज्वाला, कवटी, मेलेला मासा अशी चित्रं असतात. मेलेला मासा असलेलं लेबल पाहूनही त्यात मासे सोडणारे लोक मी पाहिलेत, म्हणून लिहिलं. त्याच कोडच्या ओळीत बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघा. उन्हात बरीच वर्षं पडलेल्या आयबीसीची भिंत ठिसूळ होते. कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून बघायचं, पांढऱ्या रेषा उमटल्या किंवा खडूसारखी भुकटी हाताला लागली तर सोडून द्या. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी, ते एकदम बाहेर आलेलं कुणालाच परवडत नाही.

शेवटी, पिंप उभं कापू नका, आडवं ठेवून लांबीत कापा. व्यास साधारण ५८ सेंटीमीटर असतो, म्हणजे अर्ध्या भागाची खोली २९. खडीच्या वाफ्याला तीसच्या आसपास खोली हवी असते, तेव्हा माप जवळजवळ जमतं. खडी भरल्यावर कडा बाहेर फाकतात, म्हणून लाकडी चौकट आधी करून ठेवायची.

उभाआडवा:

एवढं काय त्यात! जनावरं पिढ्यान्‌पिढ्या जीआयच्या हौदात पाणी पितायत. आमच्या ओळखीत एकाने तसल्याच हौदात मासे ठेवलेत, मजेत आहेत. बिनधास्त घ्या. उगाच रसायनशास्त्राचा तास नको.

गोगलगाय:

@उभाआडवा, तास नको असेल तर पुढचं वाचू नका. 🙂

जनावरांना कल्ले नसतात. जनावर पाणी पितं, जस्त पोटात जातं, थोडं जस्त शरीराला लागतंही. मासा चोवीस तास तेच पाणी कल्ल्यांवरून फिरवत असतो, आणि जस्त, तांबं यांचा मार तिथेच बसतो: कल्ल्यांतून क्षार आत घेण्याची यंत्रणा बिघडते. तांब्याला तर लिटरमागे काही दशांश मिलिग्रॅमही लागत नाही, त्याहून कमीत नाजूक मासे आणि गोगलगायी मरतात.

तुमच्या ओळखीच्यांचे मासे जगतायत यावर माझा विश्वास आहे. पाणी जड आणि अल्कलीकडचं असेल तर जस्तावर कार्बोनेटचा थर बसतो आणि विरघळणं मंदावतं. जड पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांनाही थोडं संरक्षण देतं. साध्या हौदात, थोड्या माशांत, हे वर्षानुवर्षं टिकू शकतं. पण ॲक्वापोनिक्सचं पाणी तसं राहत नाही, मुद्दा तिथे आहे.

पाणवेल, तुम्ही जीवाणूंचं वाचलंय म्हणताय, मग हा हिशोबही बघा. जीवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. अमोनियातल्या प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात), खर्ची पडते. म्हणजे व्यवस्था जितकी छान चालेल, तितका पीएच खाली सरकणार. आज ७.६ आहे, काही महिन्यांत ६.५ दिसेल, लक्ष नसेल तर सहाच्याही खाली जाईल. आपणही झाडांसाठी तो ७ च्या थोडा खालीच ठेवतो, कारण त्यावर गेला की लोह झाडांना मिळत नाही. अशा पाण्यात जस्तावरचा तो कार्बोनेटचा थर टिकत नाही. वर पाणी सतत हलतंय, हवा मिसळतेय. हौद पहिल्या महिन्यात निर्धोक वाटेल आणि नंतर त्रास देईल, आणि मासे मरायला लागल्यावर शंका खाद्यावर घेतली जाईल.

म्हणून धातूंच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. पाण्याला जीआय, तांबं, पितळ, कांसं लागू द्यायचं नाही. टाकी तर नाहीच, पण नळाची तोटी, पंपाच्या तोंडावरचा कपलर, वाफ्याखालचा व्हॉल्व्ह, क्लॅम्प हे सगळं एकेक करून तपासायचं. माणसं टाकी निवडताना महिनाभर डोकं लावतात आणि शेवटी पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवतात. ३०४ किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस चालतं. साधं लोखंड गंजतं, पाणी लालसर होतं, पण माशांना जस्त-तांब्यासारखं मारत नाही. ॲल्युमिनियम पीएच खाली गेल्यावर विरघळायला लागतं, नकोच. आयबीसीचा पिंजरा जीआयचा असतो, पण तो बाहेर असतो, पाण्याला लागत नाही, त्याची काळजी करू नका.

हौद इतका आवडला असेल तर आत लायनर, म्हणजे पाणी न झिरपणारं अस्तर, टाका. हौद फक्त आकार धरून ठेवेल, पाण्याला शिवणार नाही.

आणि माशांना औषध द्यायची वेळ आली तर आजारी मासा वेगळ्या टबात काढा. तांब्याची औषधं या पाण्यात कधीच घालायची नाहीत. धाग्याच्या विषयाबाहेरचं आहे, पण याच चुकीने लोकांच्या गोगलगायी जातात आणि नाव भांड्यावर येतं.

पाणवेल:

दाणेवाला काका, गोगलगाय, दोघांचे आभार. वाचनखूण साठवली. आयबीसी रद्द. लेबल नसलेलं पिंपही परत करते.

लायनरचं मनावर घेतलंय. पण तिथेही प्रकार इतके दिसतायत की गोंधळ झाला. छतावर टाकतात ते रबर आणि तळ्याचं रबर एकच का? दुसरं म्हणजे वाफ्यांसाठी फळ्यांची चौकट करून आत लायनर टाकला तर? आणि सिमेंटची एक छोटी टाकी बांधायला एकजण तयार आहे, तीही शक्यता खुली ठेवलीय.

ओलीवाळू:

बांधकामातला माणूस आहे, सिमेंटचं मी सांगतो.

ताज्या काँक्रीटमध्ये चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरपूर असतो. नव्या टाकीत भरलेल्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो. मासे त्यात थेट भाजून निघतात, आणि त्याच्या बरंच खाली आल्यावरही दुसरी भानगड उरते: अमोनिया. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे चाचणीच्या नळीत अमोनियाचा रंग तोच, पण मासे एका टाकीत पोहतायत आणि दुसऱ्या टाकीत आडवे.

टाकी बांधलीच तर नीट क्युरिंग करा, मग पाणी भरा, काही दिवसांनी ओता, पुन्हा भरा. पीएच नळाच्या पाण्याइतका येऊन तिथेच थांबला की मग पुढचं. त्याहून बरं म्हणजे आतून पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी चालणारं इपॉक्सी लावा आणि ते पूर्ण सुकू द्या. गोगलगाय यांनी सांगितलेलं आम्ल उघड्या सिमेंटलाही हळूहळू खातं, त्यामुळे लेप हवाच. वॉटरप्रूफिंगची पावडर किंवा द्रव ‘सगळीकडे चालतं’ म्हणून गळ्यात मारतात, डब्यावर पिण्याच्या पाण्याचा उल्लेख नसेल तर वापरू नका.

खडीचंही बघा. तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, ती पीएच वर धरून ठेवेल. ग्रॅनाइट, बेसाल्ट गप्प बसतात.

लाकूड: कीड लागू नये म्हणून दाबाखाली औषध भरलेलं लाकूड हिरवट दिसतं, त्यात तांबं असतं, जुन्या मालात तर तांब्याबरोबर आर्सेनिक आणि क्रोमियमही. चौकट बाहेरून आणि लायनर मधे असेल तरी गळतीच्या जागी ते पाणी लाकडातून परत वाफ्यात येतं. साधी फळी घ्या, बाहेरून तेल लावा, चार वर्षांनी बदला.

वजनाचा विचार केलाय ना? तीस सेंटीमीटर खडीचा ओला वाफा चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या पुढे जातो. गच्चीवर ठेवणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय खडीची पहिली गोणीही वर चढवू नका. मटेरियल विषारी नसणं आणि स्लॅब शाबूत राहणं हे वेगळे विषय आहेत.

गोगलगाय:

लायनर: तळ्यासाठीचा आणि छतासाठीचा ईपीडीएम (तेच ते कृत्रिम रबर) दिसायला सारखे. छताच्या मालात बुरशी रोखणारी किंवा आग रोखणारी रसायनं घातलेली असू शकतात, ती तिथे उपयोगी आहेत आणि इथे घातक. विकणारा सांगतो ‘एकच माल आहे’, कधी कधी ते खरंही असतं. माशांसाठी सुरक्षित असं छापलेलं असेल तरच घ्या. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. ईपीडीएम मऊ असतो, गोल हौदात घड्या नीट बसतात. एचडीपीईचा लायनर जास्त टिकाऊ, पण ताठ, गोलाईत नखरे करतो. मऊ पीव्हीसी लायनर मी टाळते, त्याचा मऊपणा प्लास्टिसायझरमुळे असतो आणि ते कालांतराने निघून जातं. मग लायनर कडक होऊन तडकतो, म्हणजे जे होतं ते कुठेतरी गेलं, आणि जाणार कुठे, पाण्यातच.

लायनर टाकण्याआधी हौदाच्या वरच्या कडेला जुन्या होजपाइपचा चिरलेला तुकडा बसवा. पत्र्याची धार लायनर कापते.

उभाआडवा:

बरं, जीआयचं पटलं. मग टायर? ट्रकचा मोठा टायर, आत लायनर, झाला वाफा. रबरच आहे की.

दाणेवाला:

टायरमध्ये नैसर्गिक रबर सोडून इतकं काही असतं की यादी करायला बसलो तर संध्याकाळ होईल. जस्त असतं, तेलं असतात, आणि ओझोनने रबर तडकू नये म्हणून घातलेलं ६पीपीडी नावाचं एक रसायन असतं. ते हवेत बदलून जे बनतं, त्याने कोहो सॅल्मन जातीचे मासे पावसाच्या लोंढ्यानंतर ओढ्यांत मरत होते. कारण वर्षानुवर्षं सापडत नव्हतं, २०२० साली संशोधकांनी ते टायरच्या झिजलेल्या कणांपर्यंत नेऊन पोचवलं. तिलापियाला तसाच त्रास होतो असं मी म्हणत नाही. पण भांडी इतकी असताना टायर कशाला?

पाणवेलताई, पाइप आणि जोडणीचं राहिलं होतं.

कडक यूपीव्हीसी पाइप चालतो, पिण्याच्या पाण्यासाठीचा घ्या. सांडपाण्याचा घेऊ नका. पीव्हीसी साच्यात जळू नये म्हणून स्टॅबिलायझर घालावं लागतं आणि एके काळी त्यात शिसं सर्रास असायचं. पिण्याच्या पाइपात आता कॅल्शियम-जस्त किंवा कथिलाची स्टॅबिलायझर येतात. जुना, पिवळा पडलेला पाइप तर अजिबात नको. सॉल्व्हंट सिमेंटने जोडलेल्या पाइपातून मासे सोडण्याआधी पाणी फिरवून टाकून द्या, वास जाईपर्यंत. बागेचा लवचीक होजपाइप मऊ पीव्हीसीचा असतो, तो नेहमीसाठी जोडू नका. पिण्याच्या पाण्याचा किंवा सिलिकॉनचा घ्या.

पॉलिथिलीनला काहीही चिकटत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. सिलिकॉन, इपॉक्सी, एम-सील, सगळं आठ-पंधरा दिवसांनी सालपटासारखं निघतं. पिंपाला भोक पाडून पाइप काढायचा तर दोन्हीकडून घट्ट होणारं टँक निपल लावा, मधे रबरी वॉशर, आणि तोही ईपीडीएमचा. भोक होल सॉने पाडा, कडा चाकूने साफ करा, तिथेच गळतं. काच किंवा फायबर जोडायला सिलिकॉन हवंच असेल तर सुकताना व्हिनेगरचा वास येणारं साधं सिलिकॉन घ्या आणि पूर्ण सुकू द्या. बाथरूमसाठीचं ‘बुरशी रोखणारं’ सिलिकॉन घेऊ नका. त्यात बुरशीनाशक असतं आणि ते पाण्यात उतरू शकतं.

तराफे: थर्माकोलचा किंवा एक्सपीएसचा (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट फोम) तक्ता सर्रास वापरतात. बांधकामातल्या उष्णतारोधक तक्त्यांत एचबीसीडी हे आग रोखणारं रसायन घालायची पद्धत होती. २०१३ साली ते स्टॉकहोम कराराच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीच्या यादीत गेलं, पण इमारतींच्या तक्त्यांसाठी काही काळ सूट होती, म्हणजे जुना माल अजून फिरत असतो. अन्नाच्या पॅकिंगचा तक्ता घ्या. आणि तराफा माशांच्या टाकीत ठेवू नका, गोल्डफिश त्याचे मणी कुरतडत बसतात.

वीस लिटरच्या पारदर्शक निळसर पाण्याच्या जारांत रोपं लावायचा मोह होईल. त्यांतले बरेच पॉलिकार्बोनेटचे असतात, तळाशी ७ असतो. बीपीए यांच्यातूनच सुटतं, उष्णतेने आणि ओरखड्यांनी जास्त. शिवाय आत उजेड जातो म्हणून शेवाळ माजतं आणि रात्री तेच शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन खातं. तुमच्या निळ्या पिंपातूनही थोडा उजेड जातो. रंग लावायचा तर बाहेरून, आतून कधीच नाही. पण वर सांगितलं तसं पॉलिथिलीनला रंगही धरत नाही, पोपडे निघतात. त्यापेक्षा जाड कापड किंवा फळ्यांचं कवच करा. उन्हात पाणीही तापणार नाही.

धुताना साबण नको. क्लोरीनचं सौम्य ब्लीच, मग भरपूर पाणी, मग ऊन. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो.

मग चाचणी. पिंपात पाणी भरून झाकण लावून काही दिवस उन्हात ठेवा. शेजारी त्याच नळाचं पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, तेवढाच वेळ. नंतर दोन्हींचा वास घ्या, पीएच मोजा. फरक नसेल तर पुढची पायरी गोगलगाय यांच्या नावातच आहे.

गोगलगाय:

माझ्या नातलगांना कामाला लावलंत!

पण बरोबर आहे. पाण्यातल्या गोगलगायी तांब्याला माशांच्या आधी दाद देतात, डॅफ्निया (पाण्यातले अगदी बारीक जीव) कीटकनाशकांना. दोन्ही मिळाले तर दोन्ही सोडा, तुलनेसाठी काचेच्या भांड्यातही तितकेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा, नाहीतर बिचारे त्यानेच मरतील आणि पिंपाला दोष लागेल. साधं क्लोरीन उघड्यावर हवा मारली की जातं. क्लोरामाइन असेल तर ते नुसतं ठेवून जात नाही, सोडियम थायोसल्फेट किंवा मत्स्यालयाचं कंडिशनर लागतं. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण भांड्यात काही जोरदार असेल तर दिसल्याशिवाय राहत नाही.

पाणवेल:

तर मग असं ठरतंय: ग्लिसरीनची पिंपं वाफ्यांसाठी, आडवी कापून, चौकटीत. माशांसाठी पत्र्याचा हौद, आत माशांसाठीचा ईपीडीएम, कडेला होजपाइप. सिमेंट रद्द, गच्चीही रद्द, सगळं जमिनीवरच. वाफ्यात खडी, व्हिनेगर टाकून बघितलेली. पाइप पिण्याच्या पाण्याचा.

एक राहिलं. हौदाला खाली एक पितळी नळ आधीपासून बसवलेला आहे. लायनरला तिथे भोक पाडून तो वापरता येईल का, की काढूनच टाकू?

दाणेवाला:

लायनरला खाली भोक पाडू नका. नळ काढा, भोकावर आतून रबराचा जाड तुकडा लावा म्हणजे कडा लायनरला टोचणार नाही, आणि पाणी काढायचं तेव्हा पंपानेच वरून काढा.